प्लास्टिकखालचं ऊन

"सकाळचं कोवळं ऊन घेत जा" असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या सगळ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. आता घरी जा आणि तोंड बंद ठेवा. माझ्या हाडांना भेगा पडल्यावर तुम्हाला ऊन आठवलं. त्याआधी मी भिंतीला धरून चालत होते, तेव्हा तुम्हीच म्हणत होतात की हिला काम नको म्हणून हिची नाटकं चाललीत.

हे मी तुमच्यासाठी लिहीत नाही. आमच्यासारख्या ज्या बायका फुलांच्या प्लास्टिकखाली कामाला जातात, जेवायला मांडी घालून बसल्या की ज्यांना उठता येत नाही आणि ज्यांची गर्भाची पिशवी काढायची तारीख घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलीय, त्यांच्यासाठी लिहितेय. तारीख आली असेल तर जाऊ नका. आधी हे वाचा.

दुखणं

मी मीना. माहेर तळेगावचं, बारावीपर्यंत शिकलेली, सासर कान्ह्याचं. लग्नानंतर थोरल्या जावेच्या मागे मागे गुलाबाच्या पॉलीहाऊसवर कामाला लागले. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, शेतावर लोखंडी सांगाडा उभा करतात, त्यावर जाड पांढुरका कागद ताणतात, म्हणजे प्लास्टिकच. आत गुलाबाचे वाफे. फटफटायच्या आत फुलं तोडायची, मग शेडमध्ये बसून दांड्याच्या लांबीप्रमाणे वेगळी करायची, जुड्या बांधायच्या, थंड खोलीत नेऊन ठेवायच्या. दुपारी परत आत, फांद्या वाकवायला आणि गवत काढायला. उन्हाळ्यात आत अशी भट्टी असते की घाम पायाच्या बोटांतून निथळतो.

अंगात नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात मोजे, तोंडाला स्कार्फ, नुसते डोळे उघडे. काट्यांसाठी म्हणून, पण खरं सांगायचं तर काळं पडू नये म्हणून. "काळी पडशील" ही धमकी आमच्याकडे पोरीला पाळण्यातच देतात.

आधी मांड्या भरून यायला लागल्या. मग कंबर. मग बरगड्या, नुसतं कुशीवर वळलं तरी कळ यायची. कंपनीच्या टेम्पोची पायरी चढताना मला हात द्यावा लागायचा आणि तो हात शालनताईंचा असायचा. शालनताई म्हणजे माझी थोरली जाऊ. या घरात मी आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. आत्यांचं म्हणजे सासूबाईंचं तोंड सुटायच्या आत त्या माझ्या वाटणीच्या भाकऱ्या थापून मोकळ्या व्हायच्या. त्यांच्याविषयी मी पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना एवढं लक्षात ठेवा.

शालनताईंनाही हेच दुखणं होतं, माझ्या आधीपासून. दोघी डुलत डुलत चालायचो. शेडमधल्या पोरी हसायच्या, "आली बदकांची जोडी." आत्या घरी म्हणायच्या, "चाळिशी न्हाई आली आन् म्हातारीचं सोंग! आमी सात-सात मैल पाटीवर भात वाहिला. कुटं दुकलं आमचं?"

कुठं दुखलं! आत्या उघड्या रानात, उघड्या दंडांनी, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून भात वाहत होत्या. हे मला तेव्हा सुचलं असतं तर किती बरं झालं असतं.

डॉक्टर पहिले

कामशेतच्या डॉक्टरांनी मला कधी टेबलावर झोपवलं नाही. खुर्चीतच विचारपूस आणि खुर्चीतच सुई.

"काम काय करता?"

"पॉलीहाऊसला जाते."

"म्हणजे दिवसभर उन्हातच की."

"दिवसभर. भाजून निघतो नुसत्या."

"मग डी व्हिटॅमिनचा प्रश्न नाही," असं त्यांनी स्वतःशीच ठरवून टाकलं. "वजन कमी करा."

माझ्या पाठीला पोट लागलं होतं आणि हा बाबा म्हणतो वजन कमी करा. सुई घेतली की दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी जैसे थे. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं ते वर्षभर चाललं.

पांढरं

आता हे लिहायला लाज वाटते, पण लाजेनंच आमचा घात केलाय, म्हणून लिहिते. आमच्याकडे बायकांची पक्की समजूत आहे की अंगावरून पांढरं जातं ते हाडं वितळून जातं. कंबर दुखते कारण हाड पातळ होऊन खालून वाहून चाललंय. आईनं लेकीला सांगितलेलं, सासूनं सुनेला सांगितलेलं. आणि यावर उपाय काय? तर जिथून वाहतं ती पिशवीच काढून टाकायची.

शालनताईंनी ती काढली होती. लोणावळ्याच्या एका डॉक्टरकडे. त्यांनी सोनोग्राफी केली, "पिशवीला सूज आहे, पुढंमागं कॅन्सर होईल" म्हणाले आणि पिशवी, अंडाशय सगळं काढून दिलं. सरकारी कार्डावर झालं, खिशाला चाट नाही, घरात सगळे खूश.

"दुखायचं थांबलं का?" मी त्यांना विचारलं होतं.

"थांबंल की," शालनताई म्हणाल्या. "इतक्या वर्सांची झीज हाय, भरून यायला टायम लागतो. तू नको येळ लावू. माज्यावानी उशीर करशील आन् सगळी हाडं जात्याल."

त्या मला फसवत नव्हत्या. माझ्यावर माया होती म्हणूनच त्या मला त्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी माझीही सोनोग्राफी करायला लावली आणि मलाही तेच ऐकवलं, शब्द न् शब्द तोच. मी विचारलं, "पण साहेब, दुखतंय मांडीत आणि बरगडीत. पिशवीचा तिथं काय संबंध?"

"सगळं आतून जोडलेलं असतं, मॅडम," ते म्हणाले आणि सिस्टरला तारीख द्यायला सांगितली.

घरी आत्या म्हणाल्या, "दोन पोरी झाल्या, आता काय लोणचं घालायचंय तिचं?" आमचे हे पेपरात तोंड घालून बसले. त्यांचं म्हणणं असं की डॉक्टर सांगतोय तर आपण कोण शहाणे. मला रात्रंदिवस एकच वाटत होतं, की ही माझी आहे. अडगळीतलं फुटकं पातेलं नाही, कुणी म्हटलं की उचलून भंगारात द्यायला. पण हे बोलून दाखवलं की सगळे माझ्याकडे असे बघायचे जणू मी दागिना लपवून ठेवलाय.

पडले

जानेवारी संपत आला की गुलाबवाल्यांच्या अंगात येतं. व्हॅलेंटाइनची ऑर्डर. जगातल्या पोरापोरींनी एकमेकांना लाल फूल द्यावं म्हणून आम्ही जेवायलाही बसायचो नाही. ऑपरेशनची तारीख मी त्या गडबडीच्या नंतरची मागून घेतली होती, कारण मालकानं सुट्टी दिली नसती.

त्यात एके सकाळी वाफ्यांमधल्या ठिबकच्या नळीत पाय अडकला आणि मी बसल्यासारखी खाली आपटले. धड पडलेसुद्धा नाही. पण उठता येईना. शालनताईंनी ओढून पाहिलं, तर मी अशी किंचाळले की शेडमधली माणसं धावत आली.

टेम्पोतच घालून मला तळेगावच्या हॉस्पिटलात आणलं. तिथली हाडांची डॉक्टर एक तरुण बाई होती, केस वर बांधलेले, बोलायला तुटक. मला वाटलं, झालं, आणखी एक. पण तिनं मला टेबलावर झोपवलं. आजवरच्या डॉक्टरांत माझ्या अंगाला हात लावून पाहणारी ही पहिलीच. तिनं अंगठ्यानं माझ्या नडगीचं हाड दाबलं. मी बोंबलले.

"इथं तर पडला नाहीत तुम्ही," ती म्हणाली.

"नाही."

मग छातीचं हाड दाबलं. परत तीच गत. एक्स-रे आला तेव्हा तिनं तो उजेडाला धरला. खुब्यापाशी एक भेग होती आणि ओटीपोटाखालच्या हाडात आणखी. "या आजच्या नाहीत," ती म्हणाली. "जुन्या आहेत. तुम्ही कित्येक महिने मोडक्या हाडांवर कामाला जाताय, ताई."

मी रडले. दुखत होतं म्हणून नाही. कुणीतरी पहिल्यांदाच म्हणालं होतं की मी खोटं बोलत नाही.

वॉर्ड

वॉर्डातल्या दिवसांचं कौतुक मला सांगता येणार नाही. पहाटे दिवे लावून ताप मोजतात, चहा येतो तो गार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बेडपॅन. खुब्यावर भार द्यायचा नाही, त्यामुळे लहान लेकरासारखं सगळं जागच्या जागी. शेजारच्या कॉटवरच्या बाईची माणसं जेवायला बसायची आणि मी डोळे मिटून पडायचे. वॉर्डमधल्या मावशींना ते कळलं असावं. त्या पडद्याऐवजी एक चादर दोन सलाइनच्या स्टँडना बांधून द्यायच्या. त्या चादरीसाठी मी त्यांना आयुष्यभर दुवा देईन.

रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाली, "तुमच्यात डी व्हिटॅमिन जवळपास नाहीच. ते नसलं की तुम्ही कितीही कॅल्शियम गिळा, हाडापर्यंत पोचत नाही. हाड मऊ पडतं, नुसतं दाबलं तरी कळ येते, मांड्यांतली ताकद जाते."

"रिपोर्ट चुकलाय," मी म्हटलं. "मी दिवसभर उन्हात असते."

"कुठल्या उन्हात?"

मी पॉलीहाऊसचं सांगितलं. आणि सांगता सांगताच मला आठवलं. मागच्या वेळी नवा कागद चढवला तेव्हा मालक सगळ्यांना कौतुकानं दाखवत होता, की हा भारीतला आहे, ऊन येतं पण त्यातले जाळणारे किरण आत येत नाहीत, लाल गुलाबाच्या पाकळीची कडा आता काळी पडणार नाही. आम्हीही खूश झालो होतो, म्हटलं आपणही काळ्या पडणार नाही.

मी ते डॉक्टरला सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. "तेच किरण कातडीवर पडले तर डी तयार होतं," ती म्हणाली. "ते प्लास्टिकनं अडवले, जे उरले ते स्कार्फनं. तुम्हाला फक्त उकाडा मिळाला."

मला हसू आलं, खरंच सांगते. असं हसू आलं की खुब्यात कळ आली. गुलाबाला डाग पडू नये म्हणून किती ती काळजी! आणि मी तरी काय, डॉक्टरांना छाती ठोकून सांगत होते, भाजून निघतो म्हणून.

मग मी तिला पिशवीच्या ऑपरेशनचं विचारलं. तिनं माझी सोनोग्राफी मागवली, त्यांच्याकडच्या बायकांच्या डॉक्टरांना दाखवली. दोघींनी सांगितलं, साधा जंतुसंसर्ग आहे, गोळ्यांनी जाईल, काढण्यासारखं काहीही नाही. "आणि एक लक्षात घ्या," ती म्हणाली. "या वयात अंडाशयं काढली तर हाडं आणखी ठिसूळ होतात. तुमची तर आधीच अशी."

शालनताई तेव्हा माझ्या डब्याची पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

घर

घरी आल्यावर महाभारत झालं. तारीख चार दिवसांवर आलेली.

"ठरल्यालं मोडायचं न्हाई," आत्या म्हणाल्या. "एवढी शालन बरी झाली."

"कुठं बऱ्या झाल्या?" मी म्हटलं. "त्यांना विचारा ना, त्या इथंच आहेत!"

शालनताई खाली मान घालून लसूण सोलत राहिल्या.

आमचे हे म्हणाले, "तुला डॉक्टरपेक्षा जास्त कळतंय का?"

"तळेगावची काय हजामत करते का? ती पण डॉक्टरच आहे. तिनं मला हात लावून पाहिलं, तुमच्या लोणावळेवाल्यानं खुर्चीतून नुसती मान हलवली. मी जाणार नाही. उचलून नेणार असाल तर न्या, पण कागदावर माझी सही मिळणार नाही."

तारीख आली आणि गेली. मी अंथरुणात पडून होते, जशीच्या तशी, सगळ्या अवयवांसकट.

स्लॅबवर

औषध काय होतं म्हणाल, तर आठवड्याला एक पुडी दुधातून आणि कॅल्शियमच्या गोळ्या. वर्षभर माझी धिंड काढली ती एवढ्यासाठी. आत्यांना वाटलं रोज एक दिली तर लवकर बरी होईल. मी पुड्या उशाखाली ठेवल्या. हे व्हिटॅमिन जास्त झालं तरी माणूस आजारी पडतो, मूत्रपिंडावर जातं, डॉक्टरनं मला चार वेळा बजावलं होतं. तुम्हीही मनानं घेऊ नका, आणि मेडिकलवाल्याला विचारून तर मुळीच नाही.

आणि ऊन. कोवळं नाही हो! ते कोवळं ऊन पोपटासारखं सगळे सांगतात, त्यात हवे ते किरण फारसे नसतातच. अकरानंतरचं, चांगलं टळटळीत, थोडाच वेळ पण हातपाय उघडे टाकून. आता तुम्ही सांगा, कान्ह्यात भर दुपारी घरच्या सुनेनं गुडघ्यापर्यंत पाय उघडे टाकून स्लॅबवर बसायचं म्हणजे काय होतं? समोरच्या घरातून आत्यांना विचारणा झाली. आत्या जिन्यावरून ओरडल्या, "अगं लाज सोडली का? आक्खं गाव बगतंय!"

"बघू दे," मी वरून ओरडले. "त्यांच्याही हाडांना कळू दे!"

शेवटी आमच्या ह्यांनी कठड्याला जुनी ताडपत्री आडवी बांधली. ती त्यांची माफी होती असं मी समजते. त्यांच्याकडून तेवढीच निघते.

बरं वाटायला महिने गेले. आधी कुशीवर वळताना कळ येईनाशी झाली. मग काठी सुटली. आणि एकदा परातीत पीठ मळून मी कशालाही न धरता जमिनीवरून उठले. चूल, भिंत, कुणाचा हात, काही नाही. परत बसले. परत उठले. धाकटी म्हणाली, "आई, काय खेळतेस?" मी तिसऱ्यांदा बसले.

शालनताई

त्या तपासायला तयारच होत नव्हत्या. मी रोज मागे लागायचे आणि त्या रोज टाळायच्या. "माजं वेगळं हाय," म्हणायच्या. आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने डोंगरावरून ढग खाली उतरून बसतात, ऊन दिसत नाही, त्यात त्यांना भिंतीला धरूनही चालता येईना. तेव्हा मी त्यांना जबरदस्तीनं रिक्षात घातलं.

तळेगावच्या डॉक्टरनं अंगठ्यानं त्यांची नडगी दाबली. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. रिपोर्ट माझ्यासारखाच, माझ्याहून वाईट. डॉक्टरनं त्यांचे जुने कागद मागितले, सोनोग्राफी पाहिली, वर लाइटला धरून पुन्हा पाहिली. मग पुड्या लिहून दिल्या.

बाहेर आलो. मला वाटलं रडतील. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "लोनावळ्याला चल."

"आत्ता?"

"आत्ता. लोकल हाय ना?"

दवाखान्यात बाकावर सगळ्या आमच्यासारख्याच बायका, कुणी कामशेतच्या, कुणी आंदर मावळातून चालत, गाड्या बदलत आलेल्या. नंबर आला. डॉक्टरांनी ओळखलं नाही. शालनताईंनी त्यांच्यापुढे दोन्ही कागद ठेवले, त्यांचा जुना आणि तळेगावचा नवा.

त्यांनी नवा कागद वाचला. "अच्छा, डी कमी आहे. हल्ली सगळ्यांचंच असतं. औषध चालू केलंय ना? उत्तम."

"मंग माजी पिशवी कशाला काढली?" शालनताईंनी विचारलं.

"त्या वेळी गरज होती, मावशी."

"काय गरज व्हती?"

"ते तुम्हाला नाही समजायचं. मेडिकल असतं."

"समजवा की. म्या बसलीया."

ते हसले, माझ्याकडे बघून, जणू मी शिकलेली म्हणून त्यांच्या बाजूची. मी हसले नाही. त्यांनी बेल वाजवली. सिस्टरनं दार उघडून पुढच्या बाईला आत घेतलं. ती आत येऊन उभी राहिली, हातात सोनोग्राफीचं पाकीट, वयानं आमच्या दोघींपेक्षाही लहान.

"चला मावशी, उठा आता. पेशंट थांबलेत," डॉक्टर म्हणाले.

मी सवयीनं शालनताईंना हात दिला. त्यांनी तो बाजूला सारला. त्या पोरीकडे वळल्या आणि शेजारची खुर्ची ओढली.

"बस बाई हितं," त्या म्हणाल्या. "तुला कुटं दुकतंय? पिशवीत का मांडीत?"

"मांडीत," ती म्हणाली.

शालनताईंनी वाकून आपला अंगठा तिच्या नडगीवर ठेवला आणि दाबला.